डोंगर दुसऱ्यांचा, नवस आपला



मागच्या अंकात कबूल केल्याप्रमाणे या वेळी खाण्यापिण्याचं सोडून जरा फिरण्याबद्दल लिहितो आहोत. निमित्त झाली आमची नात. ती यंदा मार्चमध्ये जपानला जाऊन आली. टोकियो बघेल, बुलेट ट्रेनमध्ये बसेल, आम्हाला चहाचे कप आणेल, असं वाटलं होतं. कप आणलेच नाहीत. ही पोरगी पाठीवर सॅक टाकून चार दिवस डोंगरातून चालत होती.

ओसाकाच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेलं की नावाचं द्वीपकल्प आहे. एका बाजूला दाट झाडीचे डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. तिथं कुमानोची तीन मोठी देवस्थानं, होंगू, हायातामा आणि नाची. नाचीला तर १३३ मीटरचा धबधबाच देव मानलेला आहे. हजार वर्षांपासून राजेरजवाडे आणि साधी माणसं या देवस्थानांना पायी जात आली. २००४ साली युनेस्कोने या डोंगरवाटा जागतिक वारशात घेतल्या. वाटेत लहान लहान देवळं लागतात, प्रत्येकापाशी लाकडी पेटीत एक शिक्का असतो, तो आपल्या वहीत आपणच उठवायचा. नातीने ती वही आमच्यासमोर ठेवली. चाळीसेक किलोमीटरचे लाल शिक्के! आम्ही कौतुक केलं. आमच्या हिने चष्मा लावून एकेक पान बघितलं.

पण नात सारखी बोलत होती ती देवळांबद्दल नव्हे, किनाऱ्याबद्दल. त्या द्वीपकल्पाच्या अगदी टोकाला कुशिमोतोजवळ ओशिमा नावाचं बेट आहे. १८९० च्या सप्टेंबरात तुर्कस्तानच्या सुलतानाचं ‘एर्तुग्रुल’ नावाचं जहाज तुफानात सापडून तिथल्या खडकावर फुटलं. पाचशेच्या वर माणसं गेली, ६९ वाचली. बेटावरच्या गरीब कोळ्यांनी या अनोळखी लोकांना घरात घेतलं, आपल्या तोंडचा घास दिला, बुडालेल्यांना पुरलं. आजही तिथं त्यांचं स्मारक आहे.

"नाना, ही तर आपलीच स्टोरी झाली ना?" नात म्हणाली. "शिप फुटलं, थोडे वाचले, गाववाल्यांनी बाकीच्यांना पुरलं. आपलं नवगाव कसं आहे? तिथं काय लिहिलंय?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

वाचकहो, खरं सांगतो. नवगाव आम्ही शेवटचं बघितलं त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. सात पुरुष, सात बाया वाचल्या, बुडालेल्यांना नवगावच्या किनाऱ्याजवळ मूठमाती दिली, हे आपल्यातलं पोरही सांगेल. पण आमच्या नातीला आम्ही ते दाखवलेलं नाही. आणि यात एक जास्तीची बोच आहे, ती आज छापून टाकतो.

ही नात जन्मली ती दोन महिने आधी. काचेच्या पेटीत होती, तळहाताएवढी. त्या रात्री आमच्या हिने इस्पितळाच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून एलियाहू हनाबीला नवस बोलला की पोर हाताला लागू दे, तिला खंडाळ्याला तुझ्या टापापाशी घेऊन येईन, तिथं मलिदा करीन. पोर हाताला लागली. आज चोवीस वर्षांची आहे आणि जपानचे डोंगर चढते. नवस मात्र तसाच. घरी मलिदा किती वेळा झाला त्याला मोजदाद नाही, पण बोललो होतो ते खंडाळ्याचं. मुंबईला लग्नांना गेलो, बारशांना गेलो, पण दहा दिवसांच्या सुटीत खरेदी आणि जेवणावळी आटपता आटपता विमानाची तारीख यायची. एकदा तर पावसाळ्यात गेलो आणि गेटवेवरून मांडव्याच्या लाँची बंद. खरं म्हणजे बसने पेणवरून जाता आलं असतं. गेलो नाही, एवढंच.

हे सगळं नातीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "ओके, आधी इथला एक माउंटन बघू या. तुमचे गुडघे चालतात का ते तरी कळेल."

जूनच्या लाँग वीकएन्डला आम्ही निघालो. सिडनीहून प्रिन्सेस हायवेने दक्षिणेला, बेटमन्स बे, नरूमा करत टिल्बा टिल्बापर्यंत. चहापाण्याला थांबत गेलो म्हणून आम्हाला सहा तास लागले. टिल्बा म्हणजे लाकडी घरांचं, चीजसाठी नाव असलेलं टुमदार खेडं. त्याच्या डोक्यावरच गुलागा उभा आहे. उंची ८०६ मीटर, म्हणजे सह्याद्रीच्या हिशेबात मध्यम. पण समुद्राजवळून एकदम उठतो म्हणून भव्य दिसतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झालेला हा ज्वालामुखी. १७७० च्या एप्रिलमध्ये कॅप्टन कुक जहाजातून इथून गेला, त्याला दुरून उंटाची मदार दिसली, म्हणून नाव ठेवलं माउंट ड्रोमेडरी. खाली उतरून कोणाला विचारलं असतं तर नाव आयतंच मिळालं असतं!

इथल्या यूइन लोकांची गुलागा ही आई आहे. डोंगर म्हणायचं आपण, त्यांच्या बोलण्यात ती ‘ती’ आहे. तिला दोन मुलगे. थोरला बारुंगुबा, त्याला दूर जायचं होतं, तो समुद्रात गेला. नरूमासमोर दिसणारं माँटेग्यू बेट ते हेच. धाकटा नाजनुका, तोही हट्ट करू लागला. आई म्हणाली, तू लहान आहेस, तू माझ्या नजरेसमोर राहा. तो शेजारची छोटी टेकडी होऊन बसला. आमच्या बरोबर वाट दाखवायला एक यूइन बाई होत्या, साठीच्या, डोक्याला लोकरी टोपी. त्यांनी ही गोष्ट सांगितली आणि हात करून बेट दाखवलं. आमच्या हिच्या डोळ्यांत पाणी. दोन मुलगे हिलाही आहेत, एक इथं पॅरामॅटाला, दुसरा समुद्रापलीकडे बीरशेबाला.

चढायच्या आधी बाईंनी आम्हाला थांबवलं. "आईला सांगा तुम्ही कोण आणि कुठून आलात." आम्ही जरा संकोचलो. आपल्याला डोंगरापुढे बोलायची सवय नाही, आणि मनात लगेच आलं, हे आपल्यात चालतं का? मग ही मराठीत म्हणाली, "आम्ही अलिबागकडचे. पाहुणे आहोत." बाईंनी मान हलवली. भाषा कळली नसेल, पण भागलं.

वाट जुन्या खाणीच्या रस्त्याने जाते. एकोणिसाव्या शतकात याच डोंगरात सोनं काढायला लोक घुसले होते. नंतर जंगलतोड आली. शेजारच्या मंबुला डोंगरावर, ज्याला ते बियामंगा म्हणतात, १९७० च्या दशकात तोड चालू होती, तेव्हा गुबू टेड थॉमस नावाचे यूइन वडीलधारे उभे राहिले आणि हे आमचं पवित्र ठिकाण आहे म्हणून सांगत सरकारच्या मागे लागले. त्या काळी ईडन बंदरातून इकडच्या झाडांचा चुरा जहाजं भरभरून जपानला जात असे, कागद करायला. हे ऐकून नात गप्प झाली. आपल्या डोंगरातल्या देवराया हजार वर्षं जपणारा देश, आणि त्याचा कागद मात्र दुसऱ्याच्या डोंगरातला. मग आम्हीच म्हटलं, अगं, आपलं मासिकसुद्धा कागदावरच निघतं.

२००६ साली सरकारने गुलागा आणि बियामंगा दोन्ही डोंगर त्यांच्या मूळ मालकांच्या नावावर परत केले. नॅशनल पार्क आहेच, पण जमीन त्यांची.

गुडघ्यांनी आम्हाला खिंडीपर्यंत साथ दिली. तिथं झाडीत प्रचंड शिळा उभ्या आहेत, एकावर एक ठेवल्यासारख्या. ढग खाली उतरला होता, सगळं ओलं, शांत. बाईंनी दोन-तीन शिळांच्या गोष्टी सांगितल्या. एकीपाशी आम्ही विचारलं, हिचं काय? त्या म्हणाल्या, "हिचं सांगायचं नसतं." एवढंच, आणि पुढे चालू लागल्या. आम्हाला ते फार आवडलं. आजकाल सगळं सगळ्यांना सांगायची घाई असते.

इथंच ती गोष्ट घडली. नातीने सॅक उघडली आणि आतून डबे काढले. पोहे, किसलेलं खोबरं, साखर, वेलची, बदाम, आणि पाच फळं. "आजी, इथं करू या ना मलिदा. होली माउंटन आहे, रॉक आहे. एलियाहू हनाबी काय, कुठंही येतात. तुझं प्रॉमिस पुरं होईल."

पोरीने किती मनापासून आणलं होतं! आमचा पुरुषी स्वभाव, वाटलं बरं झालं, विमानाचे पैसे वाचले. पण ही दगडाला हातसुद्धा न लावता उभी राहिली. म्हणाली, "बाळा, हे दुसऱ्यांचं देवघर आहे. त्यांनी आपल्याला आत घेतलं. आपला नवस इथं फेडायचा नाही. जिथलं बोलले तिथंच." बाईंनी काय झालं विचारलं. नातीने इंग्रजीत समजावलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तुमचा दगड वाट बघत असेल."

पोहे आम्ही खाली समुद्रावर खाल्ले, नुसते, नाश्त्यासारखे. समोर बारुंगुबा दिसत होता.

आता खंडाळ्याबद्दल, कारण इथं जन्मलेल्या बऱ्याच मुलांना ते लोणावळ्याचंच खंडाळा वाटतं. आपलं खंडाळे अलिबागजवळचं, सागरगडच्या पायथ्याचं. तिथल्या खडकावर खुणा आहेत, त्या एलियाहू हनाबीच्या घोड्याच्या टापांच्या, ते तिथूनच आकाशात गेले, असं आपले वाडवडील सांगत आले. तू-बिश्वातला तिथं उरूस भरायचा, बैलगाड्या जुंपून गावोगावचे बेने इस्राईल यायचे. इथल्या वूलाराच्या सिनेगॉगमध्ये एकदा एका सद्गृहस्थाने आम्हाला ऐकवलं होतं की दगडापाशी जाणं हे ज्यू माणसाला शोभत नाही. त्यांना काय सांगणार? दगडाला कोणी नमस्कार करत नाही. बराखा देवाचाच म्हणतो, साक्षीला तो खडक असतो. त्या दिवशी आम्हाला चांगलं उत्तर सुचलं नव्हतं, म्हणून आज इथं लिहून ठेवतो.

तर मंडळी, पुढच्या तू-बिश्वातची तिकिटं काढली आहेत, तीन. नातीने वाट आखली आहे. गेटवेवरून लाँचने मांडवा. आणि आता भाऊच्या धक्क्यावरून मोटारी घेऊन जाणारी रो-रो बोटही २०२० पासून आहे, म्हणजे गुडघेवाल्यांची सोय झाली. पहिल्या दिवशी नवगावचं कबरस्तान, मग अलिबागची इस्राईल आळी आणि तिथलं मागेन अवोथ सिनेगॉग, आणि शेवटी खंडाळे. नवगाव ते खंडाळे पायी चालायचं तिच्या मनात आहे. शिक्क्याची पेटी तिथं कुठली असणार, पण वही ती नेणार आहे.

कोणाचा असाच नवस राहून गेला असेल तर बुलेटिनकडे कळवा, बरोबर जाऊ. सामान इथून काही न्यायचं नाही. पोहे आणि नारळ अलिबागच्या बाजारातच घ्यायचे, असं हिने आत्ताच बजावलं आहे.