बहुरूपी आणि तोतया

मे २०२४ मध्ये, लोकसभेच्या निवडणुकीचा ज्वर ऐन भरात असताना, समाजमाध्यमांवर एकाच धर्तीच्या दोन चित्रफिती फिरत होत्या. एकीत पंतप्रधान नरेंद्र मोदी रंगमंचावर नाचत प्रवेश करीत होते आणि दुसरीत पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी. आपला नाच पाहून आपल्यालाही मौज वाटली, असे मोदींनी जाहीरपणे कळवले. ममताबाईंचा नाच प्रसृत करणाऱ्यास मात्र कोलकाता पोलिसांनी नाव व ठावठिकाणा कळवण्याचे फर्मान धाडले. तंत्र एक, विनोदाची जात एक, आणि निवाडे दोन! ज्याची थट्टा झाली त्याच्या मर्जीवर थट्टेची कायदेशीरता अवलंबून राहू लागली, की जो आज हसला त्याचेही आभार मानण्याचे कारण उरत नाही. कारण उद्या न हसण्याची मुखत्यारीही त्याच्याचकडे राहते. म्हणून राजकीय चित्रफितींतील विडंबन कोणते आणि अपप्रचार कोणता हे ठरवणारी कसोटी शोधणे अगत्याचे आहे. पण त्याआधी, ज्या कसोट्या सध्या चलनात आहेत त्यांची झाडाझडती घेणे भाग आहे.

त्यांतील सर्वांत लोकप्रिय कसोटी शिक्क्याची. यंत्राने घडवलेल्या प्रत्येक दृश्यावर तसा ठळक शिक्का मारावा, म्हणजे प्रेक्षकाची फसगत टळेल, असा या पक्षाचा युक्तिवाद असून, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यात तर हा शिक्का दृश्याचा किमान दहावा हिस्सा व्यापणारा असावा, येथवर मजल गेली होती. नैयायिकांच्या परिभाषेत बोलायचे तर या लक्षणात अव्याप्ती आणि अतिव्याप्ती हे दोन्ही दोष एकत्र नांदतात. २०१९ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांचे भाषण कोणीतरी मूळ गतीच्या सुमारे पाऊणपट गतीने चालवले, आणि बाई मद्याच्या अमलाखाली बरळत आहेत असा देखावा उभा केला. त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचा लवलेश नव्हता, वक्त्री खरी, शब्द खरे, व्यासपीठ खरे, आणि तरीही परिणाम सर्वस्वी खोटा. असली लबाडी शिक्क्याच्या जाळ्यातून बिनदिक्कत निसटते, आणि ज्यांत कोणाचीच फसगत होण्याचा संभव नाही अशी नाचती सोंगे मात्र त्यात अलगद सापडतात. शिक्का वस्तू कशी घडली एवढेच सांगतो. ती कशासाठी घडली याबद्दल तो मुका असतो.

शिवाय विडंबनाचा प्राणच असा, की ते क्षणभर मूळ वस्तूसारखे भासते आणि दुसऱ्या क्षणी तो भास आपल्या हाताने मोडते. १९२५ साली अत्र्यांच्या ‘झेंडूच्या फुलां’तील प्रत्येक कवितेच्या माथ्यावर, ही थट्टा आहे, अशी पाटी ठोकली असती, तर वाचकाला आपणहून ओळखण्यात जो आनंद झाला तो प्रकाशकानेच हिरावून घेतला असता. ओहायोतील पार्मा गावच्या पोलीस खात्याचे नकली फेसबुक पान चालवल्याबद्दल अटक झालेल्या एका गृहस्थाच्या बाजूने ‘द ऑनियन’ या अमेरिकन उपहासपत्राने २०२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयापुढे जे निवेदन दाखल केले, त्यातही हाच मुद्दा, आणि तोही विडंबनाच्याच ढंगात, मांडलेला होता. न्यायालयाने प्रकरण ऐकण्यासच नकार दिला, हा भाग निराळा.

दुसरा पक्ष म्हणतो, कर्त्याच्या पोटातला हेतू कोणी पाहिला आहे? लोक फसले की अपप्रचार, न फसले की विडंबन, असा रोकडा हिशेब ठेवावा. याच ‘ऑनियन’ने २०१२ साली उत्तर कोरियाचे सर्वेसर्वा किम जोंग उन यांना हयात पुरुषांतील सर्वांत मदनमूर्ती ठरवले, आणि चीनच्या ‘पीपल्स डेली’च्या संकेतस्थळाने ती वार्ता पंचावन्न छायाचित्रांच्या लवाजम्यासह मोठ्या गांभीर्याने प्रसिद्ध केली. तेवढ्याने ती थट्टा खोटी बातमी ठरली काय? ठरली असे म्हणावे, तर जगातील सर्वांत भोळ्या वाचकाला सर्व वाङ्मयाचा न्यायाधीश नेमल्यासारखे होते.

तिसरा पक्ष सर्वांत धूर्त. पकडले जाईपर्यंत तो बातमी देत असतो आणि पकडले जाताच विदूषकाची टोपी चढवतो. ‘अहो, गंमत केली, तुम्हांला विनोदच कळत नाही!’ एप्रिल २०२४ मध्ये गृहमंत्री अमित शहा यांच्या तेलंगणातील एका जुन्या भाषणाला कात्री लावून जी चित्रफीत पसरवण्यात आली तिच्याकडे पाहावे. मुसलमानांना दिलेले आरक्षण घटनाबाह्य असल्याने रद्द करू, असे मूळ विधान होते. कापलेल्या फितीत ते अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावर आणून बसवले होते. मूळ विधान कोणाला पटो वा न पटो, असल्या फितीला कोणी उपहास म्हणू लागला, तर त्याला एवढेच विचारावे, की यात हसायचे कोठे?

आता मंडनाकडे वळू. आमच्या खेड्यापाड्यांतला बहुरूपी फौजदाराचा वेष करून दारात उभा राहतो, दरडावतो, खोटेच पकडहुकूम बजावतो, घरधन्याची क्षणभर भंबेरी उडते. आणि सोंग ओळखले गेले की मगच तो हसतमुखाने बिदागीसाठी हात पुढे करतो. ओळखले जाणे ही त्याच्या कलेची फलश्रुती आहे. याच्या उलट तोतया. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या अंताविषयी लोकांच्या मनात शंका राहिली, आणि त्या शंकेच्या भांडवलावर एका तोतयाने आपणच भाऊ असल्याचा दावा मांडला; त्याबद्दल झालेल्या कैदेतून सुटल्यावर त्याने कोकणात किल्ले घेतले, फौज जमवली, आणि १७७६ साली तो पकडला जाऊन पुण्यात देहान्त शिक्षेस पात्र होईपर्यंत शहाणीसुरती माणसेही त्याच्या भजनी लागली होती. लोकांना भाऊ परत हवे होते. चेहऱ्यापेक्षा ती इच्छाच त्याच्या बाजूने अधिक जोरकस जबानी देत होती. तेव्हा कोणत्याही चित्रफितीसंबंधी विचारायचे ते हे, की ती ओळखली गेल्यावर तिच्यात काही शिल्लक राहते काय? मोदींचा वा ममताबाईंचा नाच खोटा आहे हे कळल्यावर त्याची मौज तसूभरही कमी होत नाही, किंबहुना कळल्यावाचून ती सुरूच होत नाही. शहांची कापलेली फीत खोटी आहे हे कळताच तिचे सारे कार्य संपते.

या कसोटीचे एक प्रत्यंतर फिर्यादींच्या स्वरूपातही दिसते. मार्च २०२५ मध्ये विनोदकार कुणाल कामरा यांनी एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर एकनाथ शिंदे यांची नाव न घेता थट्टा केली, आणि शिवसैनिकांनी मुंबईत खार येथील त्या कार्यक्रमाच्या जागेची मोडतोड केली. गाणे कोणावर आहे हे त्यांना बिनचूक कळले होते, म्हणून तर ते चालून गेले! विडंबनावर जो संतापतो तो कधी फसलेला नसतो, आणि अपप्रचाराने जो फसतो तो संतापतो खरा, पण भलत्याच माणसावर.

खरी अडचण येते ती वाटेत. जुलै २०२४ मध्ये एका यूट्यूबकाराने कमला हॅरिस यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल यंत्राकडून करवून, त्यांच्याच तोंडून त्यांची नालायकी वदवणारी प्रचारफीत काढली. मथळ्यात तिला विडंबन म्हटले होते, आणि कोणता उमेदवार स्वतःविषयी असे बोलेल, या अतिशयोक्तीनेही ते उघड होत होते. एलॉन मस्क यांनी ती कोट्यवधींपुढे ठेवली तेव्हा मथळ्यातला तो शब्द गळून पडला होता. माझ्या मते येथे कृती दोन आणि कर्तेही दोन आहेत. ज्याने सोंगाची खूण पुसून ते पुढे ढकलले, त्याने नवी वस्तू प्रसिद्ध केली, आणि तिची जबाबदारी मूळ विडंबनकाराच्या माथी मारता येणार नाही. कॅलिफोर्नियाने मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये असल्या प्रचारफितींविरुद्ध सरसकट कायदा केला, आणि अवघ्या काही दिवसांत संघीय न्यायाधीशाने त्याचा बहुतेक भाग स्थगित केला. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने, सरकारविषयी खरे काय व खोटे काय हे सरकारनेच नेमलेल्या कक्षाने ठरवावे असा २०२३ चा नियम रद्द केला; अर्जदारांत हेच कामरा होते.

माझी कसोटी मला स्वतःलाही नेहमी सुखाचे उत्तर देते असे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बिहार काँग्रेसने, पंतप्रधानांच्या दिवंगत मातोश्री स्वप्नात येऊन त्यांची कानउघाडणी करतात, अशी यंत्रनिर्मित चित्रफीत काढली, आणि पाटणा उच्च न्यायालयाने ती हटवण्याचा आदेश दिला. मृत मातेला प्रचाराच्या फडात उभे करणे मला अभद्र वाटते, आणि अनौचित्याची फिर्याद कोणी गुदरली तर मी तिच्या आड येणार नाही. पण खोटेपणाचा आरोप तिच्यावर टिकणे कठीण; पंतप्रधानांच्या स्वप्नात कॅमेरा शिरला होता, असा समज एकाही मतदाराचा झाला असेल असे मला वाटत नाही.