बटण दाबण्याआधी त्रिकोण मांडा

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांच्या तोंडी अलीकडे एक नवे नाव ऐकू येते, ते म्हणजे ॲक्च्युअरी. विमा नियामक प्राधिकरणाचे मुख्यालय आपल्या हैदराबादेतच आहे, तेव्हा ही ओढ स्वाभाविकच. पण "मुलाला त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर शिकवू?" हा प्रश्न मला उलट्या टोकाने विचारलेला वाटतो.

आधी हे सॉफ्टवेअर करते काय, ते पाहू. रस्त्यावर आज अपघात होतो. जखमीच्या किंवा मृताच्या घरचे लोक मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जातात आणि भरपाई हाती पडेपर्यंत कित्येकदा वर्षे लोटतात. विम्याचा हप्ता मात्र कंपनीने आधीच घेतलेला असतो. म्हणून पुढे द्याव्या लागणाऱ्या पैशांचा अंदाज बांधून तेवढी रक्कम कंपनीला आजच बाजूला काढावी लागते. घडून गेलेल्या पण अजून कंपनीला न कळलेल्या दाव्यांचीही त्यात तरतूद करावी लागते.

या अंदाजाची सर्वांत परिचित रीत म्हणजे 'चेन लॅडर'. विद्यार्थी मित्रांनो, वही उघडा आणि ही काल्पनिक उदाहरणे मांडा. आकडे लाखांत आहेत. पहिल्या वर्षीच्या अपघातांपोटी एका वर्षाअखेर एकूण १००, दोन वर्षांअखेर १५० आणि तीन वर्षांअखेर १६५ दिले गेले व तो हिशेब मिटला. दुसऱ्या वर्षीच्या अपघातांपोटी आतापर्यंत १२० आणि मग १८०. तिसऱ्या वर्षीचे फक्त ११०. एकाखाली एक लिहिले की आकड्यांचा त्रिकोण दिसतो. त्याचा रिकामा कोपरा भरायचा आहे.

पहिल्यापासून दुसऱ्या टप्प्यावर जाताना २२० चे ३३० झाले, म्हणजे दीडपट. पुढे १५० चे १६५, म्हणजे १.१ पट. तेव्हा दुसऱ्या वर्षाचे १८० वाढून १९८ होतील आणि तिसऱ्या वर्षाचे ११० वाढून १८१.५. अजून द्यायचे राहिले १८ अधिक ७१.५, म्हणजे ८९.५ लाख. झाले! यात आठवीच्या गुणोत्तर-प्रमाणापलीकडचे काही नाही.

संगणक हेच काम शेकडो ओळींवर क्षणात करतो आणि अंदाज किती चुकू शकेल तेही सांगतो. थॉमस मॅक यांनी १९९३ साली त्यासाठी सूत्र दिले. पण मागे घडले तसेच पुढे घडेल, हे त्याने गृहीत धरलेले असते. २०२० च्या टाळेबंदीत न्यायालयांची कामे रखडली आणि दाव्यांचे पैसे उशिरा दिले गेले. त्या वर्षाअखेर नुसते बटण दाबणाऱ्याला कमी दिलेले पैसे म्हणजे कमी देणे वाटले असते. प्रत्यक्षात ते देणे फक्त पुढे ढकलले गेले होते. त्रिकोण हाताने मांडलेला विद्यार्थी अशा ठिकाणी थबकतो आणि विचारतो, "हा आकडा असा का?" माझ्या मते खरे शिक्षण तेच.

हा अंदाज कमी पडला तर काय होते, ते ऑस्ट्रेलियाने २००१ साली पाहिले. एचआयएच ही तिथली मोठी विमा कंपनी बुडाली. पुढच्या दाव्यांसाठी पुरेशी तरतूद केली नव्हती, हे त्याचे मुख्य कारण असल्याचे चौकशी आयोगाने सांगितले. अशा वेळी सर्वांत जास्त भरडला जातो तो भरपाईची वाट पाहणारा जखमी माणूस.

सॉफ्टवेअर शिकूच नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या परीक्षांतही आता संख्याशास्त्राच्या पेपरांचा एक भाग संगणकावर 'आर' वापरून सोडवावा लागतो. तेव्हा ते शिकावेच, पण हाताने केलेला हिशेब जुळतो का, हे ताडून पाहत शिकावे.

म्हणून विश्वस्त मंडळाला एक विनंती. 'आर' फुकट मिळते आणि त्यात चालणारा 'चेनलॅडर' हा संचही फुकट आहे. महागडी खरेदी न करता शनिवारी दोन तास नववीपुढील मुलांसाठी संगणक कक्ष उघडा ठेवावा आणि गणिताच्या शिक्षकांना तिथे बसवावे. पहिला तास वहीवर आणि दुसरा संगणकावर. पालकांनीही क्लासची फी भरण्याआधी मुलाला एवढेच विचारावे, "हे उत्तर कसे आले, मला समजावून सांगशील?" त्याला ते आपल्या मराठीत सांगता आले, तर त्याचा पाया पक्का झाला असे खुशाल समजावे.