दान कुणाचे, नाव कुणाचे?

जून महिना आला की आपल्या घरात वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो. विड्या वळणाऱ्या आईची मजुरी आणि यंत्रमागावर राबणाऱ्या वडिलांची उचल त्यातच संपते. अशा वेळी दुकानदार एक वही पुढे करतो आणि म्हणतो, "हीच घ्या ताई, हिच्यातले पैसे गरीब मुलांच्या शिक्षणाला जातात." ऐकून बरे वाटते. दोन रुपये जास्त पडले तरी आपण तीच वही घेतो. पण पिशवीत टाकण्यापूर्वी एवढे विचारले पाहिजे, की हे दान नक्की कोण देतो आहे?

हिशेब सोपा आहे. आयटीसी कंपनीने आपल्या क्लासमेट वह्यांबाबत जाहीर केले होते, की चार वह्यांच्या विक्रीमागे एक रुपया ग्रामीण भागातील शिक्षणाच्या कामाला दिला जाईल. म्हणजे एका वहीमागे चार आणे. हजार विड्यांमागे काय मिळते हे जिला तोंडपाठ आहे, त्या माउलीला हे गणित अवघड नाही. डझनभर वह्यांमागे तीन रुपये दान झाले. आता समजा, तेवढ्याच पानांची दुसरी वही दोन रुपयांनी स्वस्त आहे. मग दानाच्या नावाखाली आपण डझनामागे चोवीस रुपये जादा मोजले आणि त्यातले तीन मुलांपर्यंत गेले. कागद चांगला आहे म्हणून महाग वही घेतली तर गोष्ट वेगळी. पण दान म्हणून घेतली असेल, तर हा सौदा महागात पडला.

ही युक्ती जुनी आहे. १९८३ साली अमेरिकेत अमेरिकन एक्सप्रेस या कंपनीने जाहीर केले, की आमचे कार्ड एकदा वापरले की एक सेंट आणि नवे कार्ड घेतले की एक डॉलर स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या दुरुस्तीला देऊ. सुमारे १७ लाख डॉलर जमले. त्याचबरोबर कार्डाचा वापरही सुमारे २८ टक्क्यांनी वाढला. आपल्या देशात प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने २००५ मध्ये 'शिक्षा' मोहीम सुरू केली. आमची कपड्याची पावडर, आमचा शाम्पू घ्या आणि मुलांच्या शिक्षणाला हातभार लावा, असे तिचे आवाहन होते. अशा पैशांतून शाळांची कामे झाली, हे कुणी नाकारू नये. पण पैसा गिऱ्हाइकाच्या खिशातून निघाला आणि नाव कंपनीचे झाले, हेही विसरू नये.

कायद्यालाही हा फरक कळतो. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद लागू आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनी स्पष्टच सांगितले, की आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरता येणार नाही. म्हणून या निधीतून वस्तीतल्या शाळेला बाके किंवा संगणक मिळाले, तर आपल्या मुलांना हात जोडून फोटोसाठी उभे करण्याचे कारण नाही. ती मेहेरबानी नव्हे, कायद्याने ठरवलेले कर्तव्य आहे.

माणूस का देतो, याचा विचार तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी केला. अंगुत्तर निकायात दानाची आठ कारणे सांगितली आहेत. कुणी भीतीने देतो, कुणी उद्या परत मिळेल म्हणून देतो, कुणी नाव होईल म्हणून देतो. शेवटचे कारण मात्र आपले चित्त सुसंस्कृत व्हावे हे आहे. वहीवरचे चार आणे यांपैकी कुठे बसतात, ते वाचकांनीच ठरवावे.

अट घालून दिलेले सारेच वाईट, असेही नाही. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, ती परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करावी या करारावर. अट होती, पण उघड होती. कागदावर लिहिलेली होती.

आणि आपल्या सोलापूरचे उदाहरण तर अभिमानाचे आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी येथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. सोलापूर नगरपालिकेने त्याला दरमहा ४० रुपये अनुदान दिले. हा पैसा लोकांच्या करातला. त्यासाठी कुणाला काही विकत घ्यावे लागले नाही आणि एकाही विद्यार्थ्याला कुणाच्या मालाची जाहिरात करावी लागली नाही.

तेव्हा भगिनींनो, दुकानात गेल्यावर तीन गोष्टी पाहा. एका नगामागे नेमके किती पैसे जाणार, हे छापले आहे का? कोणत्या संस्थेला जाणार, तिचे नाव आहे का? नुसते 'नफ्यातील काही भाग' असे लिहिले असेल, तर ते वाक्य सोडून द्या आणि किंमत व माल पाहून खरेदी करा. तिसरी गोष्ट, बिल करताना 'वरचे दोन रुपये दानाला देता का' असे विचारले, तर पावती कुणाच्या नावाने होणार हे विचारा. विचारण्यात लाज कसली? कष्टाचा पैसा आहे.

वाचलेले पैसे मात्र दानातच घाला. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर हारफुलांऐवजी 'एक वही, एक पेन' आणण्याचे आवाहन केले जाते, ते याच विचाराने. वरच्या हिशेबातले चोवीस रुपये वाचले, तर त्यात शेजारच्या मुलीला वही-पेन मिळू शकते. ती आपल्या हाताने द्या, तिचे नाव विचारून द्या. त्या वहीवर कुणाची जाहिरात नसेल, आणि त्या मुलीची मानही खाली जाणार नाही.