उन्हाळी प्रशिक्षण शिक्षकाच्या अडचणीपासून सुरू व्हावे

नगरमधील सावेडीच्या प्रोफेसर कॉलनीत, पाईपलाईन रस्त्यावर आणि गुलमोहोर रस्त्याच्या दुतर्फा शिक्षकांची बिऱ्हाडे पुष्कळ आहेत. वर्षभर पारनेर, नेवासे, राहुरीकडील शाळांत जाऊन येणारा हा वर्ग उन्हाळ्याच्या सुटीत चार दिवस घरी विसावतो न विसावतो, तोच पुष्कळदा प्रशिक्षणाचा हुकूम हाती येतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान 50 तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा केली आहे, आणि ती सर्वथैव उचित आहे. परंतु हे तास कशात खर्ची पडतात, याचा विचार मात्र हजेरीपटावरील सह्या मोजण्यापलीकडे फारसा जात नाही.

वर्गात तंत्रज्ञान कसे वापरावे हे शिकविण्यासाठी शे-दीडशे शिक्षकांना एका सभागृहात बसवावे, सुलभकाने पडद्यावरील मजकूर वाचून दाखवावा आणि अखेरीस प्रमाणपत्रे वाटून सर्वांना मोकळे करावे, असा जो शिरस्ता पडून गेला आहे तो माझ्या मते मुळातच चुकीचा आहे. कारण उपकरण हे हाताने शिकावयाचे असते आणि अध्यापन प्रत्यक्ष मुलांपुढे.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली, आणि पुढे 2017 मध्ये राज्य शासनाने ती कल्पना सर्व इयत्तांच्या पुस्तकांसाठी स्वीकारली. 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि दहा लक्ष डॉलरच्या त्या रकमेचा अर्धा भाग त्यांनी अंतिम फेरीतील अन्य शिक्षकांना वाटून दिला, हे सर्वश्रुत आहे. मला त्यात अधिक मोलाची वाटते ती आरंभाची गोष्ट: त्यांच्यापुढे कानडी बोलणारी मुले होती, पुस्तक त्यांच्या भाषेत नव्हते, आणि त्या विवक्षित अडचणीतून मार्ग काढताना ते तंत्रज्ञानाकडे वळले. अडचण आधी होती, साधन मागाहून आले. आपल्या प्रशिक्षणात हा क्रम नेमका उलटा असतो.

एक उदाहरण घ्या. पाचवीतल्या मुलाने एकद्वितीयांश आणि एकतृतीयांश यांची बेरीज करताना अंशात अंश, छेदात छेद मिळवून दोनपंचमांश असे उत्तर काढले आहे. शिक्षकाने दोन बाजूंना पुस्तकांच्या थप्प्या रचून त्यांवर मोबाईल आडवा ठेवावा, खाली त्या मुलाची वही उघडी धरावी आणि मोबाईलवरील दृश्य वर्गातील टीव्हीवर घ्यावे. मुलाचे अक्षर, खाडाखोड, पेन्सिलीने दाबून काढलेली रेघ, सारे वर्गाला दिसते, आणि अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा मिळविल्यावर ती अर्ध्याहून कमी कशी झाली, हा प्रश्न मुले आपण होऊनच विचारू लागतात. यासाठी इंटरनेट लागत नाही, महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. लागते ती शिक्षकाची पूर्वतयारी, आणि दोनचार वेळा चुकून पाहण्याची मुभा. ही मुभा प्रशिक्षणाखेरीज त्याला अन्यत्र कोठे मिळणार?

आपल्याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, डोंगरातल्या दोनशिक्षकी शाळेत नेटवर्क येत-जात असते, आणि वीजबिल थकले तर टीव्ही भिंतीवर नुसता टांगलेला राहतो. तेथील गुरुजींना ‘दीक्षा’ या शासकीय शैक्षणिक ॲपवरील पाठ आधी उतरवून घेऊन इंटरनेटविना कसा दाखवावा, एवढे जरी हाताला धरून शिकविले तरी त्यांचे वर्ष सुधारेल. नगर शहरातल्या शिक्षिकेची गरज वेगळी. दोघांना एकच व्याख्यान देऊन उभयतांचे समाधान कसे व्हावे?

सुटीचाही प्रश्न आहे. शिक्षकांना दीर्घ सुटी असते म्हणून अर्जित रजा इतर कर्मचाऱ्यांप्रमाणे मिळत नाही. सबब सुटीत कामास बोलावल्यास तेवढ्या दिवसांची रजा विनाविलंब सेवापुस्तकात जमा झाली पाहिजे. शिक्षकांच्या या मागणीत आळस पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. मनात तक्रार ठेवून बसलेला माणूस शिकत नाही.

शिक्षक घडविण्याची नगरची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांच्या येथील संस्थेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले होते. त्या नगरात आज अशक्य काहीच मागितले जात नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने संगमनेरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या साह्याने येत्या मे महिन्यात तीस-तीस शिक्षकांच्या लहान तुकड्या बसवाव्यात. प्रत्येकाने आपल्या वर्गातील एक अडचण लिहून आणावी, तिच्यावरचा एक पाठ तेथे स्वतः तयार करावा, आणि शाळा उघडल्यावर केंद्राच्या शिक्षण परिषदेत तो सहकाऱ्यांपुढे घेऊन दाखवावा. सावेडीतील शाळांच्या संगणक-खोल्या उन्हाळ्यात कुलूपबंदच असतात. संस्थाचालकांनी त्यांच्या किल्ल्या या कामासाठी द्याव्यात, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.