क्रौंचांची गणती आणि पाण्याचा हिशेब

एखादा प्राणी नामशेष होऊ लागला, की त्याच्याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. त्याला वाचविण्याचा खर्च पिढ्यान्‌पिढ्या सोसणारे मात्र विरळा. उत्तर अमेरिकेतील व्हूपिंग क्रौंच हे अशा विरळ प्रयत्नांचे ठळक उदाहरण होय. सुमारे पाच फूट उंचीचे हे शुभ्र पक्षी १९४१ मध्ये साऱ्या जगात जेमतेम वीस-बावीस उरले होते. कॅनडातील वुड बफेलो राष्ट्रीय उद्यान आणि टेक्सासमधील अरान्ससचा किनारा यांच्यात ये-जा करणाऱ्या त्यांच्या थव्याची संख्या २०२३-२४ च्या हिवाळ्यात साडेपाचशेच्या घरात असल्याचा अंदाज आहे. आठ दशकांचे हे फलित उत्साहवर्धक आहे. परंतु ते कसे साधले आणि कोठे अडले, हे पाहिल्याविना त्याचे मोल कळणार नाही.

अरान्ससचे अभयारण्य १९३७ मध्येच स्थापन झाले होते. पण हिवाळा संपताच हे पक्षी सुमारे चार हजार किलोमीटर उत्तरेला नेमके कोठे जातात, हे कोणासच ठाऊक नव्हते. त्यांची घरटी सापडली ती १९५४ मध्ये, तीही वणव्याच्या कामावर निघालेल्या हेलिकॉप्टरमधून, योगायोगाने! रानगव्यांसाठी १९२२ मध्ये राखलेल्या अरण्यात ती सुरक्षित होती, हे सुदैवच म्हणायचे. ही मादी दोन अंडी घालते, पण बहुधा एकच पिल्लू जगते. हे ध्यानात घेऊन १९६७ पासून घरट्यांतील एकेक अंडे उचलून बंदिस्त पैदास सुरू झाली.

पुढचे सर्वच प्रयोग मात्र यशस्वी झाले नाहीत. १९७५ पासून आयडाहो राज्यात ही अंडी दुसऱ्या जातीच्या क्रौंचांकडून उबवून घेतली गेली. पिल्ले वाढली, प्रवासही शिकली. पण पालक जातीलाच आपली समजून बसल्याने त्यांनी स्वजातीयांशी जोडी जमवली नाही. २००१ पासून पांढरा पोशाख घातलेल्या वैमानिकांनी छोट्या विमानांमागून पिल्लांना विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाला नेले. पक्ष्यांनी वाट लक्षात ठेवली, परंतु पिल्ले वाढविण्यात ते कमी पडले. २०१६ मध्ये हा उपक्रम थांबविण्यात आला. उडण्याची वाट माणूस दाखवू शकतो, पालकत्व शिकविणे त्याच्या आवाक्यात नाही, एवढा बोध त्यातून निश्चित मिळाला.

पायातील कड्यांपासून सुरू झालेला मागोवा आता उपग्रहाशी जोडलेल्या यंत्रापर्यंत आला आहे. दोन्ही टोके राखून भागत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. वाटेवरच्या नद्या, दलदली आणि शेतांमधील उथळ पाणवठे हे या प्रवासाचे मुक्काम आहेत, तर विजेच्या तारा हा वाटेवरचा मोठा धोका आहे.

येथेच प्रश्न पक्षिशास्त्राच्या कक्षेतून अर्थशास्त्राच्या कक्षेत येतो. अरान्ससच्या खाडीला ग्वाडालूप व सॅन अँटोनिओ या नद्यांचे गोडे पाणी मिळते. ते घटले की खारटपणा वाढतो आणि क्रौंचांचे मुख्य खाद्य असलेले निळे खेकडे कमी होतात. २००८-०९ च्या अवर्षणात २३ पक्षी दगावल्याचा दावा करून एक संस्था न्यायालयात गेली. २०१३ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. २०१४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फिरविला. वरच्या अंगाला पाणी उचलणे आणि खाली पक्षी मरणे यांतील संबंध कायद्याने जबाबदारी लादण्याइतका निकटचा नाही, असे ठरले. पाण्याचा लाभ ज्याच्या पदरात पडतो, त्याच्या खतावणीत खाडीची हानी कधीच नोंदली जात नाही, हे दुखणे मात्र या निकालाने मिटलेले नाही.

भारताला ही गोष्ट परकी वाटू नये. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९६० च्या दशकात सुमारे दोनशे सायबेरियन क्रौंच येत असत; २००१-०२ च्या हिवाळ्यात अखेरची जोडी दिसली, त्यानंतर कोणी आले नाही. अफगाणिस्तान-पाकिस्तानातून येणाऱ्या त्या वाटेवर शिकार होती, युद्ध होते. केवळ भरतपूरला कुंपण घालून ती वाट राखता येण्यासारखी नव्हती. पुढे पाचना धरणाच्या पाण्यावरून शेतकरी आणि उद्यान एकमेकांसमोर उभे राहिले, तेव्हा पाणथळीचा हक्क किती दुबळा आहे हेही दिसून आले.

शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी काढून पक्ष्यांना द्यावे, असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. पण पाणथळीचा वाटा धरण बांधून झाल्यावर मागायचा नसतो, पाणीवाटपाच्या आराखड्यातच तो लिहून ठेवायचा असतो. कारण त्याच पाण्यावर मासेमारी, भूजल आणि पूरनियंत्रणही अवलंबून असते. वीस-बावीस पक्ष्यांचे साडेपाचशे होण्यास ऐंशी वर्षे लागली. दोनशेंचे शून्य होण्यास चाळीसही लागली नाहीत. हा हिशेब नियोजनकारांनी डोळ्यांपुढे ठेवलेला बरा.