ओव्हेच्किन : विक्रमवीराची बलस्थाने आणि उणिवा

वॉशिंग्टन कॅपिटल्सचा कर्णधार अलेक्झांडर ओव्हेच्किन याने ६ एप्रिल २०२५ रोजी न्यूयॉर्क आयलंडर्सविरुद्ध कारकिर्दीतील ८९५ वा गोल नोंदविला आणि आइस हॉकीतील एक अढळ मानला गेलेला विक्रम मोडीत निघाला. नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) सर्वाधिक गोलांचा मान १९९४ पासून कॅनडाच्या वेन ग्रेट्झ्कीकडे होता. त्याने १,४८७ सामन्यांत ८९४ गोल केले होते. ओव्हेच्किनचा विक्रमी गोलही त्याच्या १,४८७ व्या सामन्यातच झाला. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये ९०० गोलांचा टप्पा गाठणारा तो पहिला खेळाडू ठरला. मात्र सर्वाधिक गोल करणारा खेळाडू सर्वश्रेष्ठही असतो काय, या प्रश्नाचे उत्तर केवळ आकड्यांतून मिळत नाही.

ठाऊक असूनही न अडणारा फटका

विंगर म्हणजे बगलेवरून चढाई करणारा आघाडीपटू. ओव्हेच्किन डाव्या बगलेवर खेळतो. पण त्याची काठी धरण्याची पद्धत उजव्या हाताच्या खेळाडूची. त्यामुळे उजवीकडून आलेली चकती न थांबवता थेट गोलाकडे भिरकावणे त्याला सोयीचे जाते. हे हत्यार सर्वाधिक चालते ते ‘पॉवरप्ले’मध्ये. क्रिकेटमधील पॉवरप्लेशी याचा संबंध नाही. प्रतिस्पर्धी खेळाडूला नियमभंगाबद्दल काही मिनिटे बाहेर बसावे लागते आणि तेवढा वेळ त्याचा संघ एका खेळाडूने कमी होतो, तो हा काळ. अशा वेळी डाव्या वर्तुळापाशी उभे राहायचे, सहकाऱ्याच्या पासची वाट पाहायची आणि फटका हाणायचा, हा त्याचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. तो कोठे उभा राहणार, हे साऱ्या लीगला ठाऊक असते. तरीही पॉवरप्लेमधील सर्वाधिक गोलांचा विक्रम त्याने २०२१ मध्येच आपल्या नावे केला. ८९५ वा गोलही पॉवरप्लेमध्ये, त्याच जागेवरून झाला.

दुसरे बलस्थान शरीराचे. सहा फूट तीन इंच उंचीचा हा खेळाडू प्रतिस्पर्ध्याला अंगावर घेण्यास कधी कचरला नाही, तरीही दोन दशके तो क्वचितच संघाबाहेर राहिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पायाचे हाड मोडल्याने त्याला १६ सामने मुकावे लागले. परंतु परतल्यावर वयाच्या ३९ व्या वर्षी त्याने त्या मोसमात ४४ गोल केले.

जमेपुढील खर्च

उणिवांची यादीही तितकीच स्पष्ट आहे. चकती गमावल्यावर मागे धावून बचावाला हातभार लावण्यात त्याने फारसा उत्साह दाखविलेला नाही. २०१३-१४ च्या मोसमात त्याने ५१ गोल करून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळविला. त्याच मोसमात, पॉवरप्लेचे गोल वगळता, तो रिंकवर असताना संघाने केलेल्या गोलांपेक्षा स्वीकारलेले गोल ३५ ने अधिक होते. त्याआधी २०१२ च्या बाद फेरीत प्रशिक्षक डेल हंटर यांनी आघाडी टिकवायची असताना कर्णधारालाच बाकावर बसविण्याचे धाडस केले होते.

दुसरी उणीव परावलंबनाची. थेट फटक्यासाठी अचूक पास देणारा लागतो. तो निकलस बॅकस्ट्रॉमच्या रूपाने दीर्घकाळ लाभला, हे ओव्हेच्किनचे भाग्य. वाट अडली की काय होते, हे २०१० मध्ये दिसले. साखळीत अव्वल ठरलेल्या कॅपिटल्सला माँट्रियलने पहिल्याच बाद फेरीत गारद केले. त्या मालिकेत पॉवरप्लेच्या ३३ संधींपैकी वॉशिंग्टनने अवघी एक साधली.

ग्रेट्झ्कीशी तुलना येथेच अवघड होते. त्याच्या नावावर १,९६३ गोलसाहाय्ये आहेत. ओव्हेच्किनची साहाय्ये त्याच्या स्वतःच्या गोलांहूनही कमी आहेत. ग्रेट्झ्की सहकाऱ्यांसाठी गोल घडवीत असे, तर ओव्हेच्किनसाठी सहकाऱ्यांना गोल घडवावा लागतो. अर्थात, काळाचाही विचार करावा लागेल. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल होत. ओव्हेच्किनच्या कारकिर्दीचा बराच काळ ही सरासरी सहाच्या आत राहिली. शिवाय टाळेबंदीमुळे २००४-०५ चा संपूर्ण मोसम बुडाल्याने त्याचे पदार्पण वर्षभर लांबले. केवळ गोल करण्याच्या कसोटीवर त्याचे पारडे जड ठरते ते यामुळे.

अखेर हिशेब काय?

कॅपिटल्सने २००८ मध्ये त्याच्याशी १३ वर्षांचा, १२ कोटी ४० लाख डॉलरचा करार केला, तेव्हा एका खेळाडूवर एवढा डाव लावणे अनेकांना अविचाराचे वाटले होते. पुढील दहा वर्षांत संघ दुसऱ्या बाद फेरीपलीकडे एकदाही गेला नाही आणि २००९, २०१६ व २०१७ मध्ये सिडनी क्रॉस्बीच्या पिट्सबर्गनेच त्याची वाट रोखली. टीकेला धार आली ती त्यामुळे. प्रशिक्षक बॅरी ट्रॉट्झ यांनी २०१४ पासून संघाला बचावाची शिस्त लावली. ओव्हेच्किनने मागे राहून खेळावे या हट्टापेक्षा, त्याच्या मागची बाजू इतरांनी भक्कम करावी, हा मार्ग व्यवहार्य ठरला. २०१८ मध्ये पिट्सबर्गचा अडसर दूर झाला, वॉशिंग्टनने प्रथमच स्टॅन्ली चषक जिंकला आणि बाद फेरीत १५ गोल करणारा ओव्हेच्किन सर्वोत्तम खेळाडू ठरला.

सर्वांगपरिपूर्ण खेळाडूंच्या पंक्तीत त्याला ग्रेट्झ्की वा क्रॉस्बीच्या वर बसविता येणार नाही. मात्र त्याच्या गोलांची किंमत बचावात मोजावी लागते, हे मान्य करून संघ उभारला, तर तो सौदा फायद्याचा ठरतो, हे २०१८ च्या चषकाने दाखवून दिले. ते समजण्यास कॅपिटल्सला दहा वर्षे लागली. त्या विलंबाचा सारा दोष एकट्या ओव्हेच्किनच्या माथी मारणे मात्र न्याय्य ठरणार नाही.