हौतात्म्याचा गौरव आणि राज्यकर्त्यांची सुटका

डिसेंबर महिना उजाडला की नौदल दिनाचे सोहळे सुरू होतात. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री कराचीवर चढविलेल्या हल्ल्याचे स्मरण होते, आणि ते अवश्य व्हावे. परंतु त्यानंतर पाचच दिवसांनी, 9 डिसेंबरच्या रात्री, दीवनजीकच्या समुद्रात ‘खुकरी’ ही युद्धनौका 18 अधिकारी आणि 176 नौसैनिकांसह बुडाली, याचा उच्चार मात्र दबल्या आवाजात होतो. स्वतंत्र भारताने युद्धात गमावलेली ही एकमेव युद्धनौका. तिचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतःचे जीवरक्षक जाकीट एका नौसैनिकाला दिले आणि ते जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. त्या त्यागापुढे कोणाचेही मस्तक नम्र व्हावे.

पण त्याच जहाजावर लेफ्टनंट व्ही. के. जैन नावाचा एक तरुण अधिकारी होता. पाणबुडीचा ठाव घेणाऱ्या सोनार यंत्राचा पल्ला वाढविण्यासाठी त्याने एक सुधारणा तयार केली होती आणि प्रत्यक्ष युद्धाच्या धुमश्चक्रीत तो तिची चाचणी घेत होता. त्या प्रयोगासाठी जहाजाचा वेग कमी ठेवावा लागत होता. ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने अचूक संधी साधली. आज नौदलातील उपयोजित संशोधनासाठी जैनच्या नावाने सुवर्णपदक दिले जाते.

हे पदक उचितच आहे; मात्र ते एक प्रश्नही विचारते आणि तो प्रश्न आपले राज्यकर्ते ऐकू इच्छित नाहीत. जी चाचणी शांततेच्या काळात निवांतपणे व्हावयास हवी होती, ती शत्रूच्या पाणबुडीच्या टप्प्यात का करावी लागली? ‘खुकरी’ ही ब्रिटनमध्ये बांधलेली, 1950 च्या दशकातील नौका. ‘हंगोर’ ही फ्रेंच बनावटीची, अगदी नवी पाणबुडी. शिकारी ज्याला म्हणावे त्या जहाजाची श्रवणशक्ती सावजापेक्षा तोकडी होती. ही उणीव त्या रात्री निर्माण झाली नव्हती. दिल्लीतील कचेऱ्यांत वर्षानुवर्षे साचलेली दिरंगाई एका लेफ्टनंटाने आपल्या बुद्धीने, आणि अखेर आपल्या प्राणाने, भरून काढण्याचा प्रयत्न केला.

असे प्रश्न विचारणे म्हणजे हुतात्म्यांचा अवमान होय, असा कांगावा लगेच केला जातो. वस्तुतः अवमान होतो तो मौनाने. मृत्यू एकदा ‘सर्वोच्च बलिदान’ ठरला की त्याची कारणे शोधण्याची गरज उरत नाही. पुष्पचक्र वाहिले की हिशेब मिटतो. देवघरात बसविलेल्या माणसाला कोणी साक्षीला बोलावीत नाही!

हा केवळ जुना इतिहास असता तर विषय येथे थांबला असता. पण 26 फेब्रुवारी 2014 रोजी मुंबईजवळच्या समुद्रात ‘सिंधुरत्न’ या पाणबुडीत धूर कोंडला आणि लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल व लेफ्टनंट मनोरंजन कुमार हे दोन तरुण अधिकारी सहकाऱ्यांना वाचविताना मृत्युमुखी पडले. त्यांना शौर्यचक्र देण्यात आले. नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. संरक्षणमंत्र्यांनी काय केले? त्यांनी तो राजीनामा स्वीकारला, आणि ते स्वतः खुर्चीवर राहिले! गणवेशातील माणसाने प्राण द्यावा, गणवेशातील माणसानेच पद सोडावे आणि निर्णय घेणाऱ्याने शोकसंदेश वाचावा, ही आपल्याकडील श्रमविभागणी आहे.

आणखी एक गोष्ट. ‘खुकरी’वरील 176 नौसैनिकांपैकी किती नावे आपल्याला ठाऊक आहेत? बॉयलरच्या खोलीत, खालच्या मजल्यावर काम करणाऱ्यांच्या वाट्याला जहाज सोडण्याची संधीही सर्वांत कमी येते. 1946 साली याच मुंबईत ‘तलवार’वरील नौसैनिकांनी निकृष्ट अन्न आणि वरिष्ठांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध बंड पुकारले, तेव्हा समतेची मागणी नौसैनिकांकडूनच आली होती. मुल्लांनी आपले जाकीट हाताखालच्या माणसाला दिले, यात त्या समतेचाच अर्थ सामावलेला आहे. कप्तानाने तो जाणला. शासनाने जाणलेला नाही.

आम्ही युद्धखोर नाही. शस्त्रांच्या शर्यतीचे समर्थनही करीत नाही. परंतु ज्या तरुणांना राष्ट्र समुद्रावर पाठविते, त्यांच्या हाती जुनाट साधने देऊन त्यांच्या धैर्याच्या भरवशावर राहणे हा शांततावाद नव्हे, ही निव्वळ बेपर्वाई आहे. म्हणून 9 डिसेंबरला पुष्पचक्राबरोबर संरक्षणमंत्र्यांनी संसदेपुढे एक निवेदनही ठेवावे: सैनिकांच्या सुरक्षिततेची कोणती साधने मागितली गेली, ती किती वर्षे रखडली आणि कोणाच्या सहीवाचून रखडली. जैनच्या नावाच्या पदकाला त्याहून योग्य जोड दुसरी नाही.